बोटीत माल काय आहे?

नॅरोबोटीचे व्हिडिओ एकदा बघायला लागलं की थांबणं कठीण. लांबट, चिंचोळी, लाल-हिरवी रंगवलेली बोट. छपरावर कुंड्या, सायकल, सोलर पॅनल. आत छोटी शेगडी, तिच्यावर किटली. बाहेर धुकं, काठावर मेंढ्या, पाण्यात बदकं. बोट माणसाच्या चालीने पुढे सरकत राहते. बोलणारा सांगतो, की त्याने शहरातलं घर सोडलं, नोकरी सोडली, आता तो आणि त्याचं कुत्रं इंग्लंडच्या कालव्यांवर राहतात. मन रमेल तिथे मुक्काम, कंटाळा आला की खुंटा उपटायचा आणि निघायचं.

पुण्यात खोली करून राहणारं, महिन्याचं भाडं आणि हप्ते मोजणारं यवतमाळचं पोरगं रात्री साडेअकराला हे बघत असेल, तर त्याचं मन तिकडे ओढलं जाणारच. आपलं घर आपल्याबरोबर चालतं, घाई कशाची नाही, डोक्यावर कोणी नाही. या ओढीला हसण्यासारखं काही नाही. पण हा प्रकार व्हिडिओंनी जन्माला घातलेला नाही. त्याच्यामागे ऐंशी वर्षांची पुस्तकं आहेत आणि त्या पुस्तकांतच त्याचं बळ आणि त्याची खोट, दोन्ही दिसतात. त्यांतली दोन पुस्तकं आणि एक टीव्ही मालिका इथे घेतो. सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा आहे: बोटीत माल काय आहे?

हा प्रश्न यवतमाळातून सुचतो, याला कारणं आहेत. ती ओघात येतील.

कालवा म्हणजे कोणता?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘कॅनाल’ला आपण कालवा म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर बेंबळा, अरुणावती, इसापूर येतं. आपला कालवा धरणातून निघतो, वितरिका आणि पाटचाऱ्यांमध्ये फुटतो आणि शेतात संपतो. त्याचं पाणी पाळीने येतं. टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचतं की नाही, यावर गावात भांडणं होतात. कालवा वर्षातले बरेच महिने कोरडा असतो आणि त्यात कोणी बोट घालायचं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील.

इंग्लंडचा जुना कालवा शेताला पाणी द्यायला खोदलेला नव्हता. तो पाण्याने भरलेला रस्ता होता. ब्रिजवॉटरच्या सरदाराने खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला काढलेला कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्या देशात अशा रस्त्यांचं जाळं झालं. चढ आला की ‘लॉक’ लागतं: दोन्ही बाजूंना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, बोट पाण्याबरोबर उचलली जाते, मग पुढचं दार उघडायचं. मध्य इंग्लंडमधली बरीच लॉकं सुमारे सात फूट रुंदीची बांधली, म्हणून बोटीही तेवढ्याच रुंद आणि जेमतेम सत्तर-बहात्तर फूट लांब झाल्या. नॅरोबोट हे नाव तिथून आलं. घोडा काठावरून दोराने बोट ओढायचा. बोटीच्या सत्तर फुटांपैकी साधारण साठ फूट मालाला आणि मागचे दहा फूट माणसांना.

हे साठ आणि दहाचं प्रमाण लक्षात ठेवा. आजच्या व्हिडिओत सत्तरच्या सत्तर फूट माणसाला असतात.

रोल्ट आणि उतरवलेला माल

एल. टी. सी. रोल्ट याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ च्या शेवटी आलं. रोल्ट शिकाऊ कामगारापासून तयार झालेला इंजिनीअर. ‘क्रेसी’ नावाची बोट त्याने बॅनबरीच्या बोटकारखान्यात राहण्याजोगी करून घेतली आणि १९३९ च्या उन्हाळ्यात बायको अँजेलासह तो कालव्यांवर निघाला. वाटेत दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्या प्रवासाचं हे पुस्तक.

पुस्तक चांगलं आहे, हे आधी कबूल करायला हवं. रोल्टला यंत्राची जाण होती, त्यामुळे त्याचं वर्णन भुसभुशीत होत नाही. लॉकचं दार कसं फिरतं, बोट कशी बांधतात, शेकोटीला कोणतं लाकूड, हे तो कारागिराच्या नजरेने सांगतो. बोटवाल्यांबद्दल त्याच्या मनात आदर आहे. त्यांच्या केबिनीच्या दारांवरची गुलाबाची आणि किल्ल्यांची चित्रं, पितळी गोळे, भिंतीवर टांगलेल्या नक्षीच्या बशा, हे सगळं तो प्रेमाने टिपतो. आज ही चित्रकला इंग्लंडची लोककला म्हणून मिरवली जाते, त्यात या पुस्तकाचा वाटा आहे.

पण क्रेसीचा जन्म बघा. ती मुळात घोड्याने ओढायची मालवाहू बोट होती. रोल्टच्या हाती येईतो तिचा माल कायमचा उतरला होता. त्या साठ फुटांत आता बैठक, पुस्तकं, स्वयंपाकघर आलं. पुस्तकाची सगळी शांतता या रिकाम्या झालेल्या जागेतून येते. रोल्टला कुठे पोचायचं नाही. उशीर झाला तर कोणी पैसे कापणार नाही. तो संध्याकाळी बोट बांधतो आणि एखाद्या गुत्त्यात म्हाताऱ्या बोटवाल्याशी गप्पा मारतो. तो म्हातारा पहाटे अंधारात उठून निघणार आहे, कारण त्याला खेपेचे पैसे मिळतात. दोघे एकाच पाण्यावर आहेत. एकाला कालवा हा निसर्ग आहे, दुसऱ्याला धंदा. रोल्टला हे ठाऊक असतं, तो लपवतही नाही. फक्त पुस्तकाचा सूर पहिल्याचा लागतो आणि दुसरा माणूस हळूहळू दृश्याचा भाग होऊन जातो, धुक्यासारखा, बगळ्यासारखा.

तरीही या पुस्तकाने जे केलं ते फार थोडी पुस्तकं करतात. ते वाचून रॉबर्ट ऐकमन नावाच्या लेखकाने रोल्टला पत्र लिहिलं, दोघे भेटले आणि १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. बुजायला निघालेले कालवे वाचवायची चळवळ तिथून उभी राहिली. आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैल जलमार्ग एक न्यास सांभाळतो. आपण फोनवर जे बघतो, ते या पुस्तकाशिवाय बहुधा उरलंच नसतं.

मात्र वाचलं काय, हे नीट बघायला हवं. कालवे वाचले. लॉकं वाचली. चित्रं वाचली. माल वाहणारी माणसं वाचली नाहीत. १९४८ मध्ये कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, लॉरीने उरलासुरला धंदा नेला, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि त्यानंतर नॅरोबोटींची मालवाहतूक जवळजवळ संपली. बोटवाल्यांची कुटुंबं काठावरच्या सरकारी घरांत गेली. त्यांच्या बोटी सुट्टीवाल्यांना मिळाल्या.

दहा फुटांतलं कुटुंब

हे बोटवाले मुळात बायकापोरांसह बोटीवर राहायला का आले? हौसेने आलेले नव्हते. १८४० नंतर रेल्वे आली, मालाचे दर पडले. बोटवाल्याला काठावरचं घरभाडं आणि हाताखालच्या गड्याचा पगार दोन्ही परवडेना. मग त्याने घर सोडलं आणि बायकोपोरांनाच गडी केलं. दहा फूट बाय सात फुटांच्या केबिनीत नवरा, बायको आणि मुलं. दिवसा फळी, रात्री खाट. ज्या दहा फुटांच्या सुबकपणाला आज आपण दाद देतो, ती सुबकता तिथे जागा नव्हती म्हणून आली.

मग समाजाची नजर वळली. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने १८७५ मध्ये या लोकांवर पुस्तक लिहून खळबळ उडवली: दाटी, घाण, शाळा न पाहिलेली मुलं. १८७७ मध्ये ‘कॅनाल बोट्स अ‍ॅक्ट’ आला. बोटींची नोंदणी, केबिनीत किती माणसं झोपतील याची मर्यादा, मुलांच्या शाळेची जबाबदारी.

आता आपल्याकडे वळू, कारण ही गोष्ट यवतमाळच्या माणसाला ऐकल्यासारखी वाटायला हवी. माल वाहणारा, घर बरोबर घेऊन फिरणारा, रेल्वेने धंदा नेलेला समाज आपल्याकडे दिग्रस, पुसद, महागाव, आर्णी पट्ट्यात गावोगाव आहे. बंजारा. लदेणी हा त्यांचा धंदा. मीठ, धान्य, कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल न्यायचा. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांवर पार मिर्झापूरपर्यंत जायचा. तांडा म्हणजे वाहतूक आणि गाव एकाच वेळी. तोही मालाबरोबर चालायचा आणि त्याचंही घर मालाच्या मागच्या दहा फुटांत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. हा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा, यावर दोन पक्ष होते. एक रेल्वेवाला. दुसरा पाण्यावाला, त्याचा पुढारी आर्थर कॉटन. कापसाच्या गोष्टीत आडनावच कॉटन. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांवर खडकांच्या जागी बांध, लॉक आणि बाजूचे कालवे घालून वऱ्हाड-नागपूरचा कापूस बोटीने पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी ही योजना. कामही सुरू झालं. तेवढ्यात १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये सरकारने नदीची योजना गुंडाळली. ती पुरी झाली असती, तर आपल्या जिल्ह्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धेवर, वणीच्या बाजूला, मालवाहू बोटी आणि त्यांवर राहणारी कुटुंबं दिसली असती. इंग्लंडचा कालवा आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरला.

त्याच १८७१ मध्ये दुसरी एक गोष्ट घडली. ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ झाला. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतरत्र, भटक्या जमातींच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांची नोंदणी, हजेरी, फिरण्यावर बंदी असं सुरू झालं. कायदे दोन, अंतर सहा वर्षांचं, राज्यकर्ते तेच. दोन्हींच्या मुळाशी एकच भीती होती: जो थांबत नाही त्याची नोंद कशी ठेवायची? पण इंग्लंडमध्ये बोटीची नोंद झाली, आपल्याकडे माणसाची. तिकडे घर अस्वच्छ ठरलं, इकडे रक्त. हा फरक डोक्यात ठेवला नाही, तर ‘भटकं जगणं’ हा शब्द आपण फार सैल वापरतो.

एमा स्मिथ आणि पन्नास टन

आता दुसरं पुस्तक. एमा स्मिथचं ‘मेडन्स ट्रिप’, १९४८ चं. दुसऱ्या महायुद्धात बोटवाले कमी पडू लागले, तेव्हा बायकांना कालव्यांवर मालवाहतुकीला घेण्याची योजना निघाली. एमा स्मिथ विशीत होती, चांगल्या घरातली. बोट कधी चालवलेली नाही. तिने ग्रँड युनियन कालव्यावर काम धरलं. त्या बायकांच्या बिल्ल्यावर ‘इनलँड वॉटरवेज’ची दोन आद्याक्षरं होती, त्यांचा अर्थ लोकांनी ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका, असा लावला. काम मात्र असं: इंजिनाची एक बोट, तिच्यामागे ओढलेली बिनइंजिनाची दुसरी, दोन्हींत मिळून पन्नास टनांच्या आसपास माल. लंडनहून बर्मिंगहॅमकडे लोखंड, येताना कोळसा. लंडन ते बर्मिंगहॅम १३७ मैल आणि वाटेत १६६ लॉकं.

पुस्तकात तीन मुली आहेत आणि एक खेप. वेगवेगळ्या खेपांचे अनुभव एकत्र करून तिने ही एक खेप बांधली आहे. पुस्तक विनोदी आहे, भरभर पळतं. रोल्टचं पुस्तक ज्या कालव्यावर तरंगतं, त्याच कालव्यावर हे पुस्तक धापा टाकतं. हात सोलवटतात, अंग कोळशाने काळं होतं, भूक सतत लागते, रेशनचं खाणं पुरत नाही. एक मुलगी सायकलवर पुढे धावते, पुढचं लॉक तयार ठेवायला, कारण मागून येणारी बोट आधी शिरली तर वेळ गेला. दृश्य सुंदर असेल, पण बघायला सवड नसते. आणि म्हणूनच, जेव्हा ती क्षणभर वर बघते, तेव्हा ते दृश्य खरं वाटतं. थकलेल्या माणसाला दिसलेली संध्याकाळ आणि फिरायला आलेल्या माणसाला दिसलेली संध्याकाळ यांत फरक असतो. शेतावरून परतणाऱ्याला तो सांगावा लागत नाही.

माझ्या मते या साऱ्या प्रकारातलं हे सगळ्यात सच्चं पुस्तक आहे. त्याचं कारण एमा स्मिथने स्वतःची जागा ओळखली हे आहे. ती बोटवाल्यांच्या वतीने बोलत नाही. ते तिच्याकडे आधी संशयाने बघतात, मग हळूहळू चार शब्द बोलतात, हे ती सांगते. तिचे हात त्यांच्यासारखेच फाटतात, तरी युद्ध संपलं की ती निघून जाणार आणि ते राहणार, ही जाणीव पुस्तकभर तळाशी आहे. पुढे तिने भारतावर कादंबरीही लिहिली, पण तिची पाहुणी म्हणून बघायची शिस्त तयार झाली ती पन्नास टनांच्या ओझ्याखाली, असं मला वाटतं. रोल्टला बोटवाले आवडतात. एमा स्मिथला त्यांचं काम कळतं. यातलं दुसरं जास्त मोलाचं.

विंचवाचं बिऱ्हाड

तरी एक जागा रिकामीच राहते. रोल्ट पाहुणा, एमा स्मिथ पाहुणी. बोटीवर जन्मलेल्या पोराने लिहिलेलं काय? इंग्लंडमध्ये अशी बरीच मुलं शाळेच्या बाहेर राहिली. त्यांची गोष्ट सांगणारे बहुतेक बाहेरून आले. मराठीत मात्र आपल्याकडे ते पुस्तक आहे. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८० चं. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. फलटणच्या बाजूचा कैकाडी समाज, बुरूडकाम, गाढवाच्या पाठीवर लादलेला संसार आणि त्या फिरण्यात शाळेत जाऊ पाहणारा मुलगा.

‘नॅरो बोट’ आणि ‘उपरा’ शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत माणूस घर घेऊन चालतो. दोन्हींत रोजचा मुक्काम नवा. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण दोन्हींना लागू पडते. पण रोल्टच्या पुस्तकात गावाच्या वेशीपाशी पोचणं हा आनंद आहे, ‘उपरा’मध्ये ती धास्ती आहे. इथे राहू देतील का, पाणी मिळेल का, कोणी हाकलेल का. रोल्टच्या घरावर पाटी आहे, ‘क्रेसी’. ‘उपरा’च्या पोराला स्वतःची पाटी शोधायला शाळेत जावं लागतं आणि शाळेत गेलं की तो आपल्यांतही उपरा होतो. याला म्हणतात फिरण्याची किंमत. ‘उपरा’ वाचलेल्या मराठी वाचकाने नॅरोबोटीचा व्हिडिओ बघताना ही किंमत विसरता कामा नये.

आणि किंमत जुनी झालेली नाही. कैकाडी समाज यवतमाळसह विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत, पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेलं की अनुसूचित जमातींत. जे समाज मुळात हद्द न मानता फिरले, त्यांची ओळख आज कोणत्या हद्दीत थांबलात यावर ठरते. यातलं बरोबर काय, हा या लेखाचा विषय नाही. पण दाखल्यासाठी आजोबांच्या मुक्कामाचा कागद शोधणाऱ्या घरात ‘कुठेही राहा, पत्ता कशाला हवा’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार समीक्षेने करायला हवा.

चौदा दिवस

इंग्लंडच्या कालव्यांवरही पत्त्याचा प्रश्न सुटलेला नाही. १९९५ च्या कायद्यानुसार ज्या बोटीला कायमचा धक्का नाही, तिला एका जागी साधारणपणे चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. तिला खरोखर प्रवास करत राहावं लागतं. धक्क्याचं भाडं जबर आहे. लंडनमध्ये घरभाडं परवडत नाही म्हणून अनेक जण बोटीवर आले, त्यांना दर पंधरवड्याला घर हलवावं लागतं, नोकरी आणि मुलांची शाळा मात्र जागची हलत नाही. २०२४ पासून अशा बोटींच्या परवान्यावर जादा आकारही बसला. म्हणजे व्हिडिओत ‘आज इथून निघतोय’ असं हसत सांगणाऱ्या माणसामागे कधी कधी हा नियम उभा असतो. ज्या व्हिडिओंत चौदा दिवस, डिझेलचा खर्च, गोठलेला नळ आणि भरलेली संडासाची टाकी येते, ते व्हिडिओ रोल्टपेक्षा एमा स्मिथच्या बाजूला सरकतात. तेच मला जास्त आवडतात.

टीव्हीवर याच प्रकारातली एक मालिका मात्र माल नसतानाही टिकते: ‘ग्रेट कॅनाल जर्नीज’. चॅनल फोरवर २०१४ पासून आली. टिमोथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे नटांचं म्हातारं जोडपं. आयुष्यभर सुट्ट्या कालव्यांवर काढलेलं. मालिकेच्या काळात प्रुनेलाला स्मृतिभ्रंश होता आणि तो लपवला गेला नाही. ती काल काय झालं ते विसरते, पण लॉकवर दोर कसा टाकायचा ते तिच्या हाताला आठवतं. तो सुकाणू धरून तिच्याकडे बघतो. इथे हळू जाणं ही हौस राहत नाही. आठवण जितकी चालते तितकीच बोट चालते. वेस्ट २०२४ मध्ये गेले, स्केल्स २०२५ मध्ये. हळूपणाला कारण असलं की तो कलेत उभा राहतो, हे ही मालिका सिद्ध करते. त्या बोटीतही माल होता म्हणायचा, फक्त तो वजनाचा नव्हता.

मँचेस्टरचं इंजिन

रोल्टची गोष्ट थोडी उरली आहे. १९५१ मध्ये त्याने क्रेसी सोडली आणि वेल्समधली टॅलिलिन नावाची बंद पडू घातलेली नॅरोगेज रेल्वे स्वयंसेवकांकडून चालवायला घेतली. अशा प्रकारे जतन झालेली ती जगातली पहिली रेल्वे. चिंचोळी बोट वाचवणाऱ्याने पुढे चिंचोळा रूळही वाचवला.

हे वाचताना यवतमाळच्या माणसाला शकुंतला आठवणार. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, कापूस वाहायला इंग्रज कंपनीने घातलेला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं. इथला कापूस मँचेस्टरकडे गेला आणि मँचेस्टरचं लोखंड इथे आलं, ही अदलाबदल सत्तर वर्षं आपल्या डोळ्यांसमोर धूर सोडत होती. आता ती बंद आहे. तिचे फोटो, तिच्या आठवणी, संथ गाडीचं कौतुक हे सगळं फोनवर अधूनमधून फिरतं आणि त्यात रोल्टचाच सूर असतो: शांत, हळवा, रिकाम्या डब्याचा. शकुंतलेवर कोणी चांगलं लिहायला बसलं, तर त्याने आधी विचारावं, की तिच्या डब्यांत काय भरलं होतं, ते कोणी वेचलं होतं, कोणी जिनिंगमध्ये दाबलं होतं आणि भाव कुठे ठरत होता. नाहीतर आपणही रूळ वाचवू आणि माणसं सोडून देऊ.

शेवटी फोनवरच येऊ. दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या पट्ट्यात पालाच्या कोपीत चार-पाच महिन्यांचा संसार. त्यांतली तरुण पोरं आता स्वतःच रील टाकतात: डोक्यावर मोळी, ट्रकला टेकवलेली फळी, वर चढताना थरथरणारे पाय, मागे एखादं चालू गाणं. पंधरा-वीस सेकंदांचा ऐवज. त्यात धुकं आहे, पहाट आहे, चूल आहे, फिरतं घर आहे. नॅरोबोटीच्या व्हिडिओत असतं ते बहुतेक सगळं आहे आणि शिवाय माल आहे. त्याला आपण अजून प्रवासवर्णन म्हणत नाही. एमा स्मिथने हे रील बघितलं असतं, तर तिने त्या पोरीचे पाय आधी बघितले असते, फळीवर ते कुठे पडतात ते. तशी नजर आपल्याला नॅरोबोटीच्या पुस्तकांतून मिळाली, तर ती वाचल्याचं सार्थक झालं.